स्लाउच्या घरात क्रिस्टल पॅलेसचा सिग्नल: एरियलच्या कामाच्या नोंदी

लंडनच्या पश्चिमेला स्लाउमध्ये आमचं १९३० च्या दशकातलं जोडघर आहे, एक भिंत शेजाऱ्यांबरोबर कॉमन. जुलैत इथे राहायला आलो तेव्हापासून टीव्ही फक्त वायफायवर चालत होता. आता छपरावरच्या एरियलवरून, म्हणजे अँटेनावरून, फ्रीव्ह्यू (ब्रिटनमधली हवेतून येणारी फुकट टीव्ही चॅनेल्स) घ्यायचं काम काढलंय. जसं घडलं तसं लिहितोय, वाया गेलेले दिवस आणि पैसे धरून, म्हणजे इकडे कुणी हेच करायला घेतलं तर त्याचा एखादा तरी वीकेंड वाचेल.

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

काम आत्ताच काढायचं कारण म्हणजे बाबा. पुण्याहून पाच महिन्यांसाठी आलेत, त्यांना ॲप उघडा, लॉगिन करा, प्रोफाइल निवडा हे सगळं नको असतं, रिमोटवर आकडा दाबला की चॅनेल लागलं पाहिजे. त्यात गणपतीतच दोन दिवस इंटरनेट बंद पडलं आणि घरात टीव्ही नुसता काळा. टीव्ही लायसन्सचे वर्षाला १६९ पौंड ५० पेन्स (२०२४ चा दर) आपण भरतोच, मग हवेतून फुकट येणारं का घेऊ नये, असं ही म्हणाली आणि बरोबरच आहे ते.

आज फक्त पाहणी. चिमणीवर जुनं एरियल आहे पण त्याच्या अर्ध्या काड्या गळून पडल्यात आणि केबल पन्हाळीपाशी कापलेली. छपरावर चढायचं धाडस मी करणार नाही. एका माणसाला विचारलं, २२० पौंड म्हणाला, त्यात एकच पॉईंट, म्हणजे टीव्हीचं एकच सॉकेट. म्हणून स्वतः करायचं ठरवलं, पण शिडीवरून हात पोचेल तेवढ्यातच.

आमच्या भागाला सिग्नल देतो तो क्रिस्टल पॅलेसचा टॉवर, दक्षिण लंडनमध्ये, २१९ मीटर उंच. जिथे तो काचेचा महाल होता आणि १९३६ ला जळाला त्याच आवारात हा टॉवर उभा आहे. आमच्या घरापासून सरळ रेषेत साधारण ३७ किलोमीटर, कंपासवर १०५ अंश, म्हणजे पूर्वेपेक्षा किंचित दक्षिणेला. हे सगळं आज नकाशावर मोजून वहीत लिहून ठेवलं.

तिथून सहा मल्टिप्लेक्स येतात. एक मल्टिप्लेक्स म्हणजे ८ मेगाहर्ट्झचा एक पट्टा आणि त्यात बरीच चॅनेल्स एकत्र भरलेली. जुन्या ॲनलॉगमध्ये तेवढ्याच जागेत एकच चॅनेल मावायचं. पट्ट्यांचे नंबर: २३ वर बीबीसीचा, २६ वर आयटीव्ही, चॅनेल ४ वगैरेंचा, ३० वर एचडीचा, आणि २५, २२, २८ हे तीन कमर्शियल. सहाही २०० किलोवॅटवर आणि सगळे आडवे, म्हणजे एरियलच्या काड्या जमिनीला समांतर पाहिजेत. हे सहा नंबर तुमच्या टॉवरचे काढून भिंतीवर चिकटवून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागतात.

शनिवार, २१ सप्टेंबर

लॉग पिरिऑडिक एरियल (लहान-मोठ्या काड्यांचं, सगळे पट्टे जवळपास सारखे घेणारं) आणलं, ३२ पौंड. लांबलचक मोठं एरियल घेण्याचा मोह झाला होता, दुकानात 'हाय गेन', म्हणजे जास्त सिग्नल ओढणारं, असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण ३७ किलोमीटरवर सपाट प्रदेशात त्याची गरज नाही आणि वाऱ्यात ते जास्त हलतं.

बाहेर कशाला, आधी माळ्यावरच लावून बघू म्हटलं. दिशा ठरवताना चूक केली. वहीत १०५ अंश लिहिलेलं असताना मी समोरच्या घराचं एरियल बघितलं आणि त्याच दिशेला आमचंही वळवलं. टीव्हीनं स्कॅन केला, भराभर चॅनेल्स आली, सगळे खुश. साडेसहाला बाबांनी स्थानिक बातम्या लावल्या तर साऊथॅम्प्टनच्या. बाबा म्हणाले, "अरे, हे तर भलत्याच गावचं हवामान सांगतायत." समोरच्यांचं एरियल नैर्ऋत्येला बेसिंगस्टोकजवळच्या हॅनिंग्टन टॉवरकडे आहे, कदाचित आधीच्या मालकांना तिकडच्या बातम्या हव्या असतील. गल्लीतली दहा-बारा घरं बघितली असती तर बहुतेक सगळी पूर्वेकडे तोंड करून आहेत हे लगेच कळलं असतं.

मग १०५ अंशांवर फिरवलं तर सिग्नल आणखी पडला, सहातले जेमतेम चार पट्टे आणि तेही अधूनमधून तुटणारे. दोन तास तिथेच घालवले, एरियल एक फूट पुढे, एक फूट मागे, खाली बाबा टीव्हीसमोर. शेवटी टॉर्च घेऊन नीट पाहिलं तेव्हा कारण दिसलं. आधीच्या मालकानं छपराच्या पूर्वेकडच्या उताराला आतून इन्सुलेशनचे बोर्ड मारलेत आणि त्यांना दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियमची फॉइल आहे. नैर्ऋत्येच्या उताराला बोर्ड नाहीत म्हणून हॅनिंग्टन छान येत होतं. फॉइलमागे एरियल लावणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात लावण्यासारखंच. पूर्ण शनिवार गेला.

माळ्यावर लावणार असाल तर विकत काही घ्यायच्या आधी टॉर्च घेऊन वर जा आणि टॉवरच्या दिशेला फॉइल, पाण्याची टाकी, सोलर पॅनल यातलं काही आहे का बघा.

रविवार, २२ सप्टेंबर

आज दुसरी चूक, पैशाची. सिग्नल कमी आहे तर ॲम्प्लिफायर लावू, असा साधा विचार केला, २६ पौंडांचा घरात लावायचा ॲम्प्लिफायर आणला आणि टीव्हीच्या मागे जोडला. चार पट्टे येत होते त्यातले दोनच उरले.

ॲम्प्लिफायर चांगलं-वाईट निवडत नाही. त्याच्याकडे आलेला सिग्नल आधीच घाण असेल तर तो घाणही तेवढीच वाढवतो आणि वरून स्वतःची थोडी भर घालतो. शिवाय स्वस्तातला ॲम्प्लिफायर टीव्हीच्या बाहेरचे पट्टेही उचलतो. पूर्वी ब्रिटनमध्ये टीव्ही ६८ नंबरच्या पट्ट्यापर्यंत होता, आता तो ४८ लाच संपतो, वरची जागा मोबाइलला दिली. आमच्यापासून मोबाइलचा खांब दोन गल्ल्या सोडून आहे, त्याचा जोरदार सिग्नल आत घुसून ॲम्प्लिफायर गुदमरला असणार. फिल्टर लावून बघता आलं असतं पण मूळ एरियलच फॉइलमागे असताना पुढे काहीही जोडून उपयोग नव्हता. परत केला, पोस्टेजचे साडेचार पौंड गेले.

शनिवार, २८ सप्टेंबर

या आठवड्यात काम थांबवलं आणि विचार केला की मी आंधळेपणानं काय करतोय.

बाबांशी बोलताना ते लक्षात आलं. पुण्यात १९७३ पासून सिंहगडावरच्या टॉवरवरून दूरदर्शन यायचं, घरोघरी गच्चीवर अँटेना सिंहगडाकडे तोंड करून. एकानं वर अँटेना फिरवायचा, एकानं जिन्यात, एकानं टीव्हीपाशी, आणि "आलं आलं... गेलं... थोडं मागे" अशी साखळी. ते जमायचं कारण ॲनलॉगमध्ये सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या वाढायच्या, आणखी कमी झाला की आणखी वाढायच्या, म्हणजे चित्र स्वतःच मीटर होतं. बाबा गेल्या शनिवारी तेच करत होते, खालून ओरडून सांगत होते, आणि मी त्यावर विसंबून वर फिरवत होतो.

डिजिटलमध्ये हे चालत नाही. सिग्नल पुरेसा असेल तोवर चित्र एकदम स्वच्छ, काठावर आला की चौकोन चौकोन आणि आवाज तुटणार, त्याच्या जरा खाली गेला की काहीच नाही. मधली पायरी जवळजवळ नसतेच. स्वच्छ चित्र बघून तुम्हाला कळत नाही की तुम्ही काठापासून दहा डीबी (डेसिबल, सिग्नलचा जोर मोजायचं माप) आत आहात की अर्धा. शिवाय टीव्हीला पकडायला दोन-तीन सेकंद लागतात, तोवर वरच्यानं एरियल पुढे फिरवलेलं असतं, "आलं" म्हणेपर्यंत जागा बदललेली.

म्हणून मीटर घेतला, सेकंडहँड, ४८ पौंड. खरं तर पहिल्या दिवशी घ्यायला हवा होता. तो दोन गोष्टी सांगतो: सिग्नल किती आहे ते डीबी मायक्रोव्होल्टमध्ये, आणि तो किती शुद्ध आहे ते एमईआर नावाच्या आकड्यात, आकडा जितका मोठा तितका सिग्नल शुद्ध. टीव्हीच्या सॉकेटवर ४५ ते ६५ च्या मध्ये सिग्नल असला की ठीक. जास्त असणंही वाईट, ट्यूनर गांगरतो. पण एमईआर मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

माळ्यावरचं माप: २३ वर ४० आणि एमईआर २१. २८ वर ३७ आणि एमईआर १८. म्हणजे अगदी काठावर. बीबीसी टिकत होतं आणि कमर्शियल आधी जात होते त्याचंही उत्तर मिळालं. पॉवर सगळ्यांची सारखीच आहे पण बीबीसीचा पट्टा चुका दुरुस्त करायला जास्त जागा राखून ठेवतो, तीनातले दोन भाग चित्राला आणि एक भाग दुरुस्तीला, कमर्शियलवाले चारातले तीन भाग चित्राला वापरतात. त्यामुळे त्यांच्यात चॅनेल्स जास्त मावतात, पण सिग्नल बिघडला की तेच आधी पडतात. तुमच्याकडे बीबीसी दिसतंय आणि बाकीचे गायब असतील तर बहुतेक वेळा सगळाच सिग्नल कमी असतो.

ठरलं, एरियल बाहेर काढायचं.

शनिवार, ५ ऑक्टोबर

दिवसभर काम, सकाळी नऊ ते चार. घराच्या बाजूच्या भिंतीवर, पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या वर ब्रॅकेट बसवलं, जमिनीपासून साधारण सहा मीटर. शिडी भाड्यानं, सोबत भिंतीपासून अंतर ठेवणारा आधार घेतला, त्याशिवाय भिंतीवर दोन्ही हातांनी काम करता येत नाही. शिडी धरायला शेजारचे काका पूर्ण वेळ उभे राहिले. एकट्यानं हे करू नका.

भोकं पाडताना पहिली दोन विटांच्या मधल्या चुन्याच्या सांध्यात पाडली, मऊ होतं म्हणून ड्रिल पटकन आत गेलं, पण बोल्ट आवळल्यावर प्लगच फिरायला लागला. जुन्या घरांचा हा चुना भुसभुशीत असतो. ब्रॅकेट सरकवून विटांच्या मधोमध पुन्हा चार भोकं पाडली, दीड तास गेला, आणि ती दोन बुजवायचं काम अजून बाकी आहे.

दिशेसाठी फोनचा कंपास शिडीवर धरू नका, लोखंडी ब्रॅकेट आणि पाइपाजवळ तो काहीही दाखवतो. मी घर ते टॉवर अशी नकाशावर रेघ ओढली आणि ती रेघ गल्लीतल्या कुठल्या घरावरून जाते ते पाहिलं. आमच्याकडे ती मागच्या गल्लीतल्या तिसऱ्या घराच्या चिमणीवरून जाते. एरियल त्या चिमणीवर रोखलं, मग मीटर बघत दोन-दोन अंश फिरवलं आणि प्रत्येक वेळी पाच सेकंद थांबलो.

लगेच फरक पडला. २३ वर ६० आणि एमईआर ३२, २६ वर ५९, ३० वर ६१, सगळ्यात कमी २८ वर ५७ आणि एमईआर ३०. माळ्यावरच्या मापापेक्षा वीस डीबी जास्त, म्हणजे शंभरपट पॉवर, आणि एकही ॲम्प्लिफायर नाही. बाबा खाली बागेत उभे होते, त्यांना वरून आकडे वाचून दाखवले.

मीटरवर एक गंमत दिसली. आमच्या आणि टॉवरच्या मध्ये रेषेच्या जवळजवळ शेजारीच हीथ्रो विमानतळ आहे. विमान जाताना एमईआर ३२ वरून २९ वर येतो आणि परत जातो. विमानावर आपटून आलेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळतो म्हणून. ॲनलॉगच्या काळात यानं चित्र थरथरायचं. आता दहा डीबी हाताशी असल्यामुळे पडद्यावर काहीच कळत नाही, पण माळ्यावर काठावर असताना दर दीड-दोन मिनिटांनी चित्र का तुटत होतं ते आज उमगलं.

केबल दुहेरी तांब्याची घेतली, आत फॉइल आणि बाहेर जाळी दोन्ही तांब्याचे, ३० मीटर, २१ पौंड. ॲल्युमिनियम फॉइलवाली यापेक्षा निम्म्या किमतीत मिळते पण बाहेर ओल लागली की सडते. भोकातून आत घ्यायच्या आधी केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकतं, केबलवरून घरात येत नाही. एरियलपाशी जोडावर रबरी टेप, ती ताणून गुंडाळायची, स्वतःलाच चिकटते.

रविवार, ६ ऑक्टोबर

बाहेर ६० आणि टीव्हीपाशी ३१. केबलमध्ये फार तर तीन डीबी जायला हवेत. आधी एरियल हललं असं वाटलं, पुन्हा शिडी लावली, तिथे ६० च. मग एकेक जोड उघडत आलो. टीव्हीकडच्या टोकाला मी स्वतः लावलेल्या एफ कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) जाळीची एक तार, केसाएवढी, मधल्या तारेला टेकलेली. ती काढली, ५७. चाळीस मिनिटं आणि एक कनेक्टर.

आता कनेक्टर लावला की चष्मा घालून टॉर्चनं बघतो. जाळी मागे नीट दुमडायची, मधलं पांढरं इन्सुलेशन स्वच्छ गोल दिसलं पाहिजे.

नंतर टीव्ही. नुसतं रिट्यून करून चालत नाही, आधीची हॅनिंग्टनची चॅनेल्स यादीत राहतात आणि लंडनची ८०० च्या पुढे जाऊन बसतात. एरियलची केबल काढून एकदा स्कॅन करायचा, काहीच मिळत नाही, यादी पूर्ण पुसली जाते. मग केबल लावून मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये २३, २६, ३०, २५, २२, २८ एकेक. दहा मिनिटांत झालं. १ दाबला, लंडनच्या बातम्या.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

स्वयंपाकघर आणि बाबांच्या खोलीतही पॉईंट द्यायचा होता. चार वाटांचा साधा स्प्लिटर (एका केबलचा सिगनल चार केबलांत वाटणारा डबा) लावला, ९ पौंड. त्यानं आठ डीबी जातात, ५७ चे ४९ राहतात, ४५ च्या वर आहे म्हणून ॲम्प्लिफायर नको. चौथं तोंड रिकामं आहे तिथे टर्मिनेटर, म्हणजे रिकामं तोंड बंद करायचं टोपण, बसवला, साठ पेन्स.

बाबांच्या खोलीत भिंतीत आधीच जुनी तपकिरी केबल होती, तीच वापरून वेळ वाचवायला गेलो. सिग्नल ४४ पण एमईआर फक्त २२. केबल उघडून पाहिली, जाळी इतकी विरळ की आतलं इन्सुलेशन दिसतं. सिग्नल गळतो आणि घरातला विजेचा कचरा आत येतो. भिंत न फोडता नव्या केबलचं टोक जुन्या केबलला बांधलं आणि दुसरीकडून जुनी ओढून काढली. प्लॅस्टिकच्या नळीतून होती म्हणून जमलं. आता ४८ आणि एमईआर ३०.

बुधवार, ३० ऑक्टोबर

सोमवारपासून संध्याकाळी दिवाणखान्यात २२ आणि २३ वरची चॅनेल्स तुटायला लागली, २८ आणि ३० ठीक. एरवी कमर्शियल आधी जातात, इथे बीबीसीही जात होतं, म्हणजे कारण वेगळं. बाहेर शिडी लावायची तयारी केली होती पण पाऊस होता म्हणून थांबलो, ते बरं झालं. मीटरवर सिग्नल तेवढाच, ५०, एमईआर मात्र ३० वरून १९. सिग्नल पुरेसा आणि शुद्धता कमी म्हणजे कुठून तरी कचरा मिसळतोय.

संध्याकाळीच का? घरात संध्याकाळी नवीन काय सुरू होतं? आकाशकंदील. वसुबारसेला खिडकीत लावला, त्यात स्वस्तातला एलईडी बल्ब, आणि टीव्हीची केबल त्याच खिडकीच्या चौकटीला धरून. कंदील बंद केला, एमईआर ३०. चालू केला, १९. बल्बच्या आतलं छोटं सर्किट विजेचा कचरा सोडत होतं, आणि असा कचरा खालच्या फ्रिक्वेन्सीला जास्त असतो म्हणून आधी २२-२३. दुसरा बल्ब लावला, केबल अर्धा मीटर लांब सरकवली, कंदील आहे तिथेच आहे.

बुधवार, ६ नोव्हेंबर

चार दिवस वारा अजिबात नाही, नुसतं दाट मळभ. काल रात्री सगळ्याच टीव्हींवर अधूनमधून चित्र तुटलं, शेजारच्या काकांकडेही. अशा हाय प्रेशरच्या हवेत लांबचे ट्रान्समीटर, कधी युरोपातलेही, त्याच पट्ट्यांवर इथपर्यंत पोचतात आणि आपल्या सिग्नलवर चढतात. यात एरियलचा दोष नसतो आणि करायचंही काही नसतं. रिट्यून तर मुळीच करायचं नाही. मी केलं नाही, पण स्वयंपाकघरातल्या टीव्हीनं रात्री स्टँडबायमध्ये आपणहून केलं आणि सकाळी परत साऊथॅम्प्टन. सेटिंगमध्ये जाऊन ऑटो अपडेट बंद केलं, तिन्ही टीव्हींवर, आणि सहा नंबर पुन्हा एकेक भरले.

खर्चाचा हिशोब: एरियल ३२, ब्रॅकेट, पाइप आणि बोल्ट २४, केबल २१, कनेक्टर, टेप आणि क्लिपा ११, स्प्लिटर आणि टर्मिनेटर मिळून ९ पौंड ६० पेन्स, शिडीचं भाडं ३०, मीटर ४८, वाया गेलेलं पोस्टेज साडेचार. एकूण १८० पौंड १० पेन्स. वेळ पाच-सहा दिवस, त्यातले अडीच पूर्ण वाया. मीटर शेजारच्या काकांना दिलाय, त्यांचंही एरियल समोरच्यांसारखं नैर्ऋत्येला आहे असं निघालं, शनिवारी पाऊस नसला तर शिडी धरायची पाळी माझी.